शरदातील कुमुद आणि सम्यक स्मृती

आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो. भिक्खू प्रवारणा करून पुन्हा चारिकेस निघतात आणि उपासक-उपासिका कठिन चीवरदानाच्या तयारीला लागतात. याच सुमारास शरद ऋतू स्थिरावतो. पावसाने धूळ धुऊन नेल्यामुळे आकाश निवळते, ओढ्याचे गढूळ पाणी नितळ होऊन तळ दिसू लागतो, धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन पाणवठ्यांवर शेपटी हलवीत फिरतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेली धम्मदीक्षाही याच ऋतूतील. या ऋतूचा आनंद धम्माच्या अभ्यासकाने कसा घ्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सौंदर्य मनाला गुंतवते, म्हणून त्याकडे पाठ फिरवावी, असा समज काहींच्या मनात असतो. पालि साहित्याची साक्ष वेगळी आहे. थेरगाथेत महाकस्सप थेर डोंगर, मेघ आणि मोरांचे आवाज यांत आपले मन रमते, असे मोकळेपणाने सांगतात. धम्मपदाच्या मग्गवग्गातील २८५ व्या गाथेत तर आत्मासक्ती दूर करण्यासाठी शरदातील कुमुद खुडण्याचीच उपमा योजली आहे.

त्या गाथेची अट्ठकथा अशी : सारिपुत्त थेरांचा एक तरुण शिष्य सोनाराचा मुलगा होता. थेरांनी त्याला शरीराच्या अशुभतेचे ध्यान दिले. परंतु त्याचे चित्त काही केल्या एकाग्र होईना. तेव्हा थेर त्याला भगवंतांकडे घेऊन गेले. भगवंतांनी त्याला एक सुंदर कमळ दिले आणि विहाराजवळच्या वाळूत रोवून त्याकडे पाहत बसण्यास सांगितले. तो तन्मय झाला. त्याच्या डोळ्यांदेखत ते कमळ कोमेजले. जवळच्या तळ्यात मुले कुमुदे तोडून काठावर रचीत होती. पाण्यातील टवटवीत फुले आणि काठावरची मलूल फुले एकाच दृष्टिक्षेपात पाहून त्याला अनित्यतेचा बोध झाला.

भगवंतांनी त्या तरुणाला सौंदर्यापासून दूर नेले नाही. सौंदर्याकडे शेवटपर्यंत पाहावयास लावले. आपण मात्र फुललेले पाहतो आणि कोमेजण्यापूर्वीच नजर वळवितो.

सतिपट्ठान सुत्तातील चार अनुपस्सना प्राजक्ताच्या झाडाखालीही अभ्यासता येतात. पहाटे अनवाणी उभे राहून पायांखालचे दव आणि आपला श्वास जाणणे, ही कायानुपस्सना. फुलांचा गंध सुखद वाटला, दुपारचे ऑक्टोबरचे ऊन दुःखद वाटले, हे तसेच ओळखणे, ही वेदनानुपस्सना. 'सगळी फुले मलाच हवीत' ही ओढ उठताना पाहणे, ही चित्तानुपस्सना. रात्री उमललेले फूल पहाटे गळते, या उदय-व्ययाकडे लक्ष देणे, ही धम्मानुपस्सनेची सुरुवात.

परंतु शरदाचे आणखी एक रूप आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील अनेक गावांमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आई-वडील उसाच्या फडावर आणि मूल वसतिगृहात, अशी ताटातूट होते. अशा मुलाला केवळ 'फुले पाहा' म्हणणे ही त्याच्या दुःखाकडे केलेली डोळेझाक ठरेल. ज्या दृष्टीने ते प्राजक्त पाहते, त्याच दृष्टीने 'आज मन जड आहे' हे त्याला पाहू द्यावे, आणि आपण त्याच्याजवळ बसावे. दुःखाचे अस्तित्व ओळखणे आणि त्याच्या निवारणाचा मार्ग दाखविणे हे धम्माचे प्रयोजन असल्याचे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रतिपादिले आहे. स्मृतीचा अभ्यास करुणेपर्यंत पोहोचला नाही, तर तो अपुरा राहिला, असे आम्ही समजतो.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती आहे. या शरदात रोज दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून मुलासह अंगणात किंवा बांधावर शांत बसावे. काय दिसले, काय ऐकू आले, मनात काय आले, हे त्याला नंतर विचारावे. उत्तर दुरुस्त करू नये, फक्त ऐकावे. फडावर असलेल्या आई-वडिलांनी फोनवर हेच विचारले, तरी त्या दिवसाचा शरद दोन्ही ठिकाणी सारखाच पाहिला जाईल.

भवतु सब्ब मंगलं!