बॅटरीची जागा आधी, वेल्डिंग मग

तुझे फोटो बघितले गं. १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूपे, पुढे शेवरोलेचं ३५० व्ही-एट इंजिन, रेडिएटर जागेवर, पंखा जागेवर, आणि खाली तुझी ओळ: 'ताई, बॅटरीला जागाच उरली नाही.' अगं, उरणार कशी? फोर्डने त्या बोनेटखाली चार सिलिंडरचं, ४० हॉर्सपॉवरचं इंजिन ठेवलं होतं. तिथे तू व्ही-एट बसवलंस, वर एसीचा कॉम्प्रेसरही. पण घाबरू नकोस. जिने अख्खी चॅसी स्वतः सरळ केली, तिला एका बॅटरीची जागा सापडणार नाही होय?

आणि खरं सांगू का, मॉडेल एची बॅटरी बोनेटखाली कधी नव्हतीच. कारखान्यातून गाडी यायची तेव्हा सहा व्होल्टची बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीखाली असायची, आणि तिचा पॉझिटिव्ह चॅसीला जोडलेला असायचा. तेव्हा बॅटरी हलवली म्हणजे गाडीचं जुनेपण बिघडवलं, असली रुखरुख मनात ठेवू नकोस. आता त्या जागी तुझ्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर बसलाय, एवढंच.

बरेच जण बॅटरी 'लपवायची' म्हणून जागा शोधतात. तू तसं करू नकोस. ही जागा गॅसच्या सिलिंडरसारखी शोधायची बघ: हवा खेळती हवी, जवळ ठिणगी नको, आणि वेळ आली की हात पटकन पोचायला हवा. दिसते की नाही, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

आधी डिकीचं बघू. सगळ्यांना पहिली तीच सुचते. मोकळी आहे, गरम होत नाही, मागच्या चाकांवर थोडं वजनही येतं. पण तुझी पेट्रोलची टाकी आता तिथेच आहे ना? मूळ टाकी काचेच्या पुढे, थेट गुडघ्यांसमोर होती. ती तू मागे नेलीस ते उत्तम केलंस, पण म्हणून बॅटरी तिच्या मांडीला मांडी लावून बसवायची नाही. मध्ये पत्र्याची आडभिंत हवी. साधी पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. म्हणून बंद डिकीत ठेवायची तर बॅटरी झाकणबंद पेटीत, आणि पेटीची नळी तळातून बाहेर. एजीएम प्रकारची (ॲसिड आतल्या गादीत शोषलेलं असलेली, बंद) बॅटरी घेतलीस तर ही काळजी बरीच कमी होते. तरी ती जास्त चार्ज झाली की तिचाही व्हॉल्व्ह उघडतो, तेव्हा नळी ठेवच.

डिकीची दुसरी अडचण अंतराची. सेल्फ मारताना इंजिन सहज २०० अँपिअर ओढतं. डिकीपासून सेल्फपर्यंत १५ फूट केबल धर. चार गेजची घेतलीस तर तेवढ्यात पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. वन-ऑट गेजची जाड वेल्डिंग केबल टाकलीस तर तोच तोटा साधारण ०.३ व्होल्टवर येतो. १२ व्होल्टमधला पाऊण व्होल्ट म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल तुला. पण इंजिन तापलेलं असताना सेल्फ कण्हायला लागला की त्याची किंमत कळते. केबलवर पैसे वाचवू नकोस गं, सीटकव्हरवर वाचव.

आणि हे नीट ऐक. तू दरवाजांची आणि डिकीची हँडलं काढून टाकलीस, बटणाने उघडणारी कुलपं बसवलीस. दिसायला झकास. आता बॅटरी डिकीत आणि ती उतरली, तर डिकी उघडणार कशी? हसू नकोस, मी एकदा माझ्याच गाडीभोवती भर उन्हात प्रदक्षिणा घातल्यात. म्हणून बॅटरी कुठेही ठेव, चॅसीखाली हात पोचेल अशा जागी जंपर लावायचा एक जादा टर्मिनल काढ, त्यावर रबरी टोपी घाल, आणि डिकीच्या कुलपाला हाताने ओढायची एक छुपी वायर ठेव.

दुसरी जागा सीटखालची. जवळ आहे, कोरडी आहे. पण सीटच्या स्प्रिंगा लोखंडी असतात. जुन्या फोक्सवॅगन बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असायची, आणि भारी माणूस बसला की स्प्रिंग दबून टर्मिनलला टेकायची. त्यातून सीटने पेट घेतल्याचे प्रकार झालेत. इथे ठेवायचीच तर दोन्ही टर्मिनलांवर टोप्या, वर जाड झाकण, आणि बॅटरी एजीएमच. साधी पाण्याची बॅटरी माणसं बसतात तिथे अजिबात नको.

तिसरी जागा मला तुझ्यासाठी आवडलीय: शेजारच्या सीटच्या पायाखाली, चॅसीची दांडी आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये. एक तर शेवरोलेच्या त्या इंजिनाचा सेल्फ उजव्या बाजूलाच, खाली असतो. म्हणजे केबल जेमतेम सहा फूट. दोन गेजचीसुद्धा पुरेल, ०.२ व्होल्टच्या आत तोटा. टाकीपासून लांब, वजन खाली आणि मध्यावर, आणि फळीला झाकण केलंस की वरून हात घालून काढता येते. वाईट काय, तर त्याच बाजूने सायलेन्सरचा पाइपही जातो. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं, तेव्हा मध्ये पत्र्याचा पडदा हवा आणि पाइप जितका लांब नेता येईल तितका ने. बॅटरीचा ट्रे चॅसीच्या दांडीच्या खाली लोंबता कामा नये, नाहीतर पहिल्याच स्पीडब्रेकरला खरवडेल.

आता करायचं काय, सांगते. बॅटरी विकत आणायच्या आधी पुठ्ठ्याचं खोकं कर. ३४ नंबरच्या मापाची बॅटरी साधारण १० इंच लांब, ७ इंच रुंद आणि ८ इंच उंच असते. खोक्यावर पेनने दोन्ही टर्मिनल काढ. मग गाडीखाली झोप आणि ते खोकं जागेवर धर. आता टर्मिनलच्या नटला पाना लावून फिरवून बघ. पाना चॅसीला टेकतोय? त्याच पान्याने पुढे कधीतरी पॉझिटिव्ह आणि चॅसी एकदम जोडले जातील, आणि ती ठिणगी बघून तुझी झोप उडेल. म्हणून खोकं फिरव, टर्मिनलं आतल्या बाजूला आण. मग वरून, फळीच्या भोकातून, दोन्ही हातांनी उचलून बघ. खोकं हलकं आहे, खरी बॅटरी १७ किलोंची असेल. कंबर वाकवून ती निघेल का, याचा विचार आत्ताच कर.

बांधणीत हयगय नको. लवचीक दोऱ्या-पट्ट्या सामान बांधायला ठीक, बॅटरीला नाहीत. लोखंडी ट्रे चॅसीला, वरून पट्टी, आरपार बोल्ट. केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि दर दीड फुटाला क्लॅम्प. अर्थिंगसाठी रंग खरवडून चकचकीत लोखंडावर दातेरी वॉशर लाव, आणि इंजिनाच्या ब्लॉकपासून चॅसीला वेगळा पट्टा दे. चॅसी आणि ब्लॉक यांच्यामध्ये रबरी माउंट असतात, वीज त्यांतून जात नाही. तुझी बॉडी फायबरची आहे, तीही वीज नेत नाही, म्हणून मागच्या दिव्यांना त्यांची स्वतःची अर्थिंगची वायर लागेल. 'दिवे मंद जळतात' ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते.

मेन स्विच बसवच. मात्र बघ, इंजिन चालू असताना तो बंद केलास तरी ऑल्टरनेटर आपल्याच विजेवर इंजिन चालू ठेवू शकतो. वायरिंग अशी कर की स्विच पाडला की इंजिनही थांबेल. आणि तुझा नवरा म्हणत होता तसं कधी ड्रॅगस्ट्रिपवर जायचं मनात असेल तर आत्ताच सांग. एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेच्या नियमांत माणसं बसतात त्या भागात बॅटरी चालत नाही. ती हलवलेली असेल तर बाहेरून, मागच्या बाजूने हात पोचेल असा मेन स्विच सक्तीचा आहे. डिकीत असेल तर डिकी आणि माणसं यांच्या मध्ये पत्र्याची आडभिंत, नाहीतर बाहेर नळी काढलेली बंद पेटी लागते. बोल्टही किमान ३/८ इंचाचे. असं असेल तर मग डिकीच बरी, आणि टाकीची जागा पुन्हा बघू.

पण तू लुइव्हिलच्या स्ट्रीट रॉड नॅशनल्सला जाणार, रविवारी मुलांना आइस्क्रीम खायला नेणार, आणि बाकी वेळ गाडी पुसत बसणार, एवढंच असेल, तर माझा कौल शेजारच्या सीटच्या पायाखालच्या जागेला. एजीएम बॅटरी, दोन गेजची केबल, वर झाकण, बाहेर जंपरचा टर्मिनल. शनिवारी खोकं घेऊन गाडीखाली शीर, पाना फिरवून बघ, मापं लिहून मला पाठव. तोवर वेल्डिंग मशीनला हात लावू नकोस.