मैत्रीला अंथरूण लागतं

नोकरीपायी मुंबई सुटली आणि आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टच्या उत्तरेला लुडविग्सबुर्गजवळच्या एका छोट्या गावात स्थिरावलो. या गावाचं तेवढ्याच छोट्या एका फ्रेंच गावाशी जुनं सख्य आहे. ते सांभाळणाऱ्या मंडळात शेजारच्या आजींनी मला ओढलं. विश्वशांतीवर दोन शब्द बोलायला मिळतील, या आशेने मीही लगेच गेले. ते दोन शब्द अजून बोलायचेच आहेत. तोवर उमगलं ते असं.

१. मैत्रीचा सगळा भार याद्यांवर असतो. फ्रेंच पाहुण्यांची बस यायच्या आधी आमच्या हाती एक कागद फिरतो : कोण कोणाकडे उतरणार, कोणाला मांजराचं वावडं, कोणाला जिना चढवत नाही, कोण घोरतं. घोरण्याचा रकाना सर्वांत काळजीपूर्वक भरला जातो. आजी म्हणतात, भाषण फसलं तर लोक विसरतात, झोप मोडली तर नाही.

२. पहिलं पाऊल अनेकदा तोच टाकतो, ज्याने ते टाकलं नसतं तरी कोणी बोल लावला नसता. युद्धानंतरची पहिली फ्रेंच-जर्मन शहरजोडी १९५० साली जमली, ती माँबेलियार आणि आमच्या लुडविग्सबुर्गची. माँबेलियारचे तेव्हाचे महापौर ल्यूसियाँ तारादाँ हे नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत परतलेले गृहस्थ. दोन्ही देश सत्तर वर्षांत तीनदा लढलेले, शेवटचं युद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झालेली. आमच्याकडे बांधावरून बोलणं तुटलेली दोन घरं तिसऱ्या पिढीतही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. त्या अबोल्यात मीही आजवर इमानाने सामील आहे, म्हणून हे जास्त लागतं.

३. ओळखीचा धागा सापडला तर तो खुशाल धरावा. माँबेलियार जवळजवळ चार शतकं आमच्या या भागावर राज्य करणाऱ्या वुर्टेम्बर्गच्या घराण्याकडे होतं. तिथे जन्मलेला प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए शिकायला आला तो स्टुटगार्टलाच. म्हणजे पहिली सोयरीक अगदी परक्यांत झाली नव्हती! हे कळल्यावर मी थोडी हिरमुसले. आता वाटतं, जुनं नातं असूनही माणसं लढतातच. त्याचा समेटासाठी कोणी उपयोग केला, तर बिघडलं कुठे?

४. सरकारं मागून येतात, पण येताना पैसे आणतात. लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या चौकात ९ सप्टेंबर १९६२ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी जर्मन तरुणांपुढे जर्मनमधून भाषण केलं. पाहुण्यांना ती जागा आम्ही न चुकता दाखवतो. दोन्ही देशांमधला मैत्रीचा एलिझे करार झाला जानेवारी १९६३ मध्ये. तोवर शहरांची ये-जा सुरू होऊन बरीच वर्षं लोटली होती. यावरून मी सरकारला नावं ठेवत होते, तेव्हा मंडळाच्या खजिनदारांनी शांतपणे हिशेब मांडला. त्याच वर्षी दोन्ही देशांनी मिळून युवक कार्यालय काढलं आणि आजवर ९० लाखांहून अधिक तरुणांना त्याच्या मदतीने एकमेकांकडे जाता आलं. बसभाड्याची सोय नसती, तर ही मैत्री खाऊनपिऊन सुखी घरांपुरतीच राहिली असती.

५. युद्धाबद्दल लगेच बोललंच पाहिजे असं नाही. फ्रेंच गावातल्या चर्चसमोर हुतात्म्यांचा स्तंभ आहे. त्यावर एकच आडनाव ओळीने तीनदा येतं. आमची मंडळी तिथे फूल वाहतात, त्यांची मंडळी शेजारी उभी राहतात आणि मग सगळे जेवायला जातात. सुरुवातीला मला ही टाळाटाळ वाटली. पुढे एका दुपारी पत्ते खेळता खेळता एका फ्रेंच आजोबांनी आपल्या वडिलांची हकिगत सांगितली. त्यांच्या जर्मन जोडीदाराने पत्ते उपडे ठेवले आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. या दोघांची ओळख शाळकरी वयातली. बोलायला इतका अवधी लागू शकतो.

६. यश आलं की काम अवघड होतं. आता सीमेवर एरवी गाडी थांबवावी लागत नाही, फ्रान्स म्हणजे रविवारची सहल. सतरा वर्षांच्या पोराला 'समेट' म्हटलं की तो विचारतो, भांडण कुठाय? ज्या पिढीने भांडणाची गोष्टच हास्यास्पद ठरवली, तीच आता मंडळात नवी माणसं शोधत फिरते. म्हणून तर माझ्यासारखीची वर्णी लागली. मी बटाटेवडे करते. फ्रेंच पाहुणे ते काटा-सुरीने कापून खातात आणि आपल्याला काय येत नाही, हे मला हळूच कळतं.

७. छोटं गाव असणं हेच भांडवल. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, हे मला मुंबईत वाढूनही ठाऊक नव्हतं. कळलं ते इथे येऊन. मोठ्या शहरांची सही फायलीत सुखाने राहू शकते. छोट्या गावात बस आली की प्रत्येक गल्लीला खोली रिकामी करावी लागते. फ्रान्स-जर्मनीत अशा दोन हजारांहून अधिक जोड्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी गावांची नावं शेजारच्या जिल्ह्यालाही माहीत नसतील.

तुमच्या शहराचं असं कुणी भगिनी शहर असेल, तर तिथलं कोणी तुमच्या आळीत कधी मुक्कामाला राहिलंय का, विचारून बघा. उत्तर 'नाही' आलं, तरी जास्तीची एक गादी आपल्या घरांत असतेच.