पाण्यावरचा एका रेणूचा पडदा

पोफळीच्या वीजगृहातून सुटलेले कोयनेचे पाणी कोळकेवाडीच्या धरणात थांबते, आमच्या अलोऱ्याच्या परिसरात पुन्हा एकदा वीज निर्माण करते आणि मग वाशिष्ठीला मिळते. वैशाखात हा जलाशय पाहिला की मनात येते, उन्हाने यातले किती पाणी उडून जात असेल? ते अडवता येईल का? या प्रश्नाच्या मागे लागून मी, एक कलाशाखेचा विद्यार्थी, रसायनशास्त्राच्या अंगणात शिरलो. तिथे जे दिसले ते वाचकांपुढे ठेवतो.

बेंजामिन फ्रँकलिन याने लंडनजवळच्या एका तळ्यावर चमचाभर तेल ओतले. पाहता पाहता सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. ही हकीकत 1774 साली छापली गेली. आज आपण साधा भागाकार केला तर त्या थराची जाडी मिलिमीटरचा सुमारे चार लाखावा भाग येते, म्हणजे जवळजवळ एकाच रेणूची उंची! फ्रँकलिनने मात्र हा भागाकार केला नाही.

घरी परातीत पाणी घेऊन त्यावर तोंडाला लावायची पावडर भुरभुरवा आणि सुईच्या टोकाने तेल टेकवा. पावडर क्षणात कडेला पळते. तेलाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरून राहते, दुसरे पाण्यापासून दूर सरते. म्हणून रेणू ढीग न करता पसरत जातात.

या पसरलेल्या थराला मोजण्याची युक्ती ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्स या मुलीने स्वयंपाकघरात शोधली. तिला विद्यापीठाचे दार बंद होते. पाण्याच्या पसरट भांड्यावर एक पट्टी सरकवून तिने थर आवळला आणि पृष्ठताण मोजला. लॉर्ड रॅले यांना तिने पत्र लिहिले व त्यांच्या शिफारसीने ते 1891 साली ‘नेचर’मध्ये छापून आले. पुढे अमेरिकेच्या लँगम्यूर यांनी 1917 साली या थरांचा पद्धतशीर अभ्यास मांडला; 1932 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

आता खरी गंमत. पट्टी दूर असताना रेणू विरळ, एकमेकांना क्वचितच भेटणारे. हा जणू सपाट वायू. पट्टी पुढे आणली की दाब हळूहळू वाढतो. रेणू जवळ येतात पण त्यांच्या शेपट्या अस्ताव्यस्त असतात. हा द्रव. मग काही द्रव्यांत असा टप्पा येतो की पट्टी कितीही सरकवा, दाब जवळजवळ वाढतच नाही. उकळत्या पाण्याचे तापमान जसे शंभर अंशांवर अडून बसते, तसेच हे! त्या वेळी विस्कळीत द्रवातून दाट बेटे जन्माला येत असतात. शेवटी सगळे रेणू देवळाच्या रांगेतल्या माणसांसारखे उभे राहतात, प्रत्येकाच्या वाट्याला जागा सुमारे 20 चौरस अँगस्ट्रॉम. आणि थर स्थायू होतो. दोनच मितींच्या जगात ही सारी अवस्थांतरे घडतात, हे मला मोठे नवल वाटते.

बाष्पीभवनाचा प्रश्न इथेच सुटतो किंवा अडतो. विरळ थर वाफ अडवत नाही. दाट उभा थरच अडवतो. सीटिल अल्कोहोल या मेणासारख्या पदार्थाचा असा थर एका हेक्टरवर घालायला हिशेबाने अवघे वीस ग्रॅम पुरावेत! 1950 च्या दशकात ऑस्ट्रेलियात मॅन्सफील्ड यांनी असे प्रयोग केले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही अल्कॉक्सी इथेनॉल नावाच्या द्रव्यांवर काम केले. रेणूची साखळी लांब असली की रोध वाढतो, पण द्रव्य पसरायला वेळ लागतो. दोन्ही साधणे कठीण.

आणि वारा? तो थर एका काठाला लोटतो, बाकीचे पाणी उघडे पडते. म्हणून थर पुन्हा पुन्हा घालावा लागतो आणि वीस ग्रॅमचा तो हिशेब कागदावरच राहतो. कोळकेवाडीबद्दल माझे मत असे की, तिथे हा खटाटोप व्यर्थ आहे. तिथले पाणी साठून राहत नाही, एका बाजूने येते आणि दुसऱ्या बाजूने जाते. थर त्याबरोबर वाहून जाईल. वारा कमी आणि पाणी महिनोन्महिने जागचे हलत नाही, अशा आडोशाच्या लहान तळ्यावर मात्र हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.