एक गेलं, एक आहे
मनन : रोमकरांस १२:१५

बार्शी भागातल्या पारधी वस्तीवरील एका बहिणीला पहिल्या सोनोग्राफीत जुळं दिसलं. पुढच्या तपासणीत एकाच बाळाचे ठोके होते. “सरपणाची मोळी उचलली म्हणून गेलं,” असं घरचे म्हणू लागले.

तसं नसतं. पहिल्या तीन महिन्यांत जुळ्यांपैकी एकाची वाढ कधी कधी थांबते आणि ते आईच्या पोटातच विरून जातं. बहुधा त्याच्या मूळ जडणघडणीतच दोष असतो. आईचे कष्ट, ग्रहण किंवा शाप हे कारण नव्हे. दुसरं बाळ बहुतेक वेळा नीट वाढतं. मात्र तपासण्या चुकवू नयेत; रक्त गेलं किंवा पोटात दुखलं तर लगेच दवाखाना गाठावा.

“एक तरी राहिलं ना!” असं आपणही सहज बोलतो, आणि आई गप्प होते. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद आणि रडणाऱ्यांबरोबर रडणं, पौल दोन्ही एकाच वचनात सांगतो. इथे दोन्ही एकाच आईच्या ठायी आहेत. म्हणून तिच्याबरोबर प्रार्थना करताना गेलेल्या बाळासाठी आधी रडू या, मग वाढणाऱ्या बाळासाठी उपकार मानू या.

विचारासाठी : आपल्या मंडळीत असं न दिसलेलं दुःख कोण वाहत आहे?