संगणक सुरू होत नाही, तेव्हा

समजा, उद्या विज्ञान-प्रदर्शन आहे. तुमचा प्रकल्प शाळेच्या संगणकात आहे आणि कळ दाबली तरी पडदा काळाच! कोणी म्हणतो, "यंत्र गेले", कोणी म्हणतो, "डिस्क पुसून सगळे नव्याने भरा." थांबा. वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. आपणही आधी रोग कोठे आहे ते शोधू.

कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत कामांची एक साखळीच चालते. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून पॉवर सप्लाय १२, ५ व ३.३ व्होल्टचे एकदिश दाब तयार करतो. हे दाब स्थिर झाले, की तो मदरबोर्डला 'ठीक आहे' असा संकेत देतो. तोवर प्रोसेसर रोखून धरलेला असतो. संकेत मिळताच तो मदरबोर्डवरील एका चिपमधील आज्ञावली वाचू लागतो. ही आज्ञावली रॅम व इतर भाग तपासते आणि मगच डिस्कवरील ऑपरेटिंग सिस्टिमला बोलावते.

साखळीची कोणती कडी तुटली, हे लक्षणांवरून ओळखता येते.

१) दिवा नाही, पंखाही नाही : दोष विजेच्या वाटेवर असावा. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहा. तो लागला, तर संगणकाची वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का आणि पेटीच्या मागचे बटण चालू आहे का, ते पाहा. मग दुसरी वायर लावून पाहा.

२) पंखा फिरतो, पण पडदा काळा : प्रथम मॉनिटरची वीज व जोडणी तपासा. 'बीप' असे आवाज येत असतील, तर ते मोजा. त्यांचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेत मिळतो. पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. शिक्षकांच्या देखरेखीखाली वायर काढा, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत घालवा आणि पट्टी काढून पुन्हा नीट बसवा.

३) अक्षरे उमटतात, पण डिस्क सापडत नाही : पेनड्राइव्ह लावलेला असेल, तर काढा. संगणक त्यातच ऑपरेटिंग सिस्टिम शोधत असेल! तारीखही चुकली असेल, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल क्षीण झाला असण्याचा संभव आहे.

एक नियम मात्र पाळा : एका वेळी एकच बदल करा व तो वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुरू झाला, तर दोष कशात होता हे कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेत आपण हेच करतो, नाही का?

आणि एक सूचना : पॉवर सप्लायची पेटी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकू शकतो.

आता तुमच्या प्रकल्पाचे काय? पहिल्या दोन प्रकारांत दोष डिस्कपर्यंत पोहोचण्याच्या आधीच असतो. त्यामुळे डिस्कवरील माहिती बहुधा सुरक्षित असते. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून माहिती काढून घेता येते. डिस्क पुसणाऱ्याने मात्र निरोगी अवयवच कापला असता!

उद्या शाळेतील एखादा चांगला संगणक सुरू करा आणि दिवा, पंखा, आवाज, अक्षरे कोणत्या क्रमाने येतात ते लिहून ठेवा. निरोगी नाडी ओळखता आली, तरच बिघडलेली कळते.