पोट दुखतंय म्हणणारं लेकरू

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर-बाबानगरात संध्याकाळी पाठीला दप्तर लावलेल्या पोरापोरींची रीघ लागलेली असते. त्यातलं एखादं लेकरू क्लासमध्ये मुद्दाम दाराजवळची जागा धरतं. टेस्टच्या दिवशी सकाळी काही खात नाही. मध्येच कळ आली, सगळ्यांदेखत उठावं लागलं तर, ही धास्ती. नीटच्या पेपरचे 3 तास कसे निघतील, याचा घोर वेगळाच.

आपल्या आईवडिलांपर्यंत यातलं काही पोचत नाही. उदगीरहून, कंधारहून, मुखेडहून आपण फोन करतो आणि ठरलेलं विचारतो, ‘जेवलास का? टेस्टला किती पडले?’ पोटाचं नाव काढलं की ‘मेसचं तिखट बाधलं असेल, ओवा खा’ म्हणून मोकळे होतो. फीचा हप्ता, रानातली कामं, घरातल्या म्हाताऱ्यांची दुखणी, आपलाही जीव दमलेला असतो. पुन्हा पुन्हा तीच तक्रार आली की मनात येतं, अभ्यास टाळायचं निमित्त तर नाही? कधी ते तोंडातूनही निघून जातं. मग लेकरू सांगणंच सोडतं. पोट दुखायचं थांबत नाही.

मोठा घोटाळा होतो तो डॉक्टरांकडे नेल्यावर तपासणीचा रिपोर्ट नॉर्मल आला की. ‘बघ, तुला काहीच झालं नाही,’ असं आपण म्हणतो. आपल्याला हायसं वाटलेलं असतं. लेकराला मात्र ऐकू येतं, ‘तू खोटं बोलतोस.’ आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, या आतड्यांच्या दुखण्यात नेमकं असंच असतं. तपासणीत काही सापडत नाही, कळ मात्र खरी असते. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे, 10 कोटींहून जास्त पेशींचं, आणि मेंदूशी त्याची सतत देवघेव चालू असते. भीती वाढली की पोट बिघडतं, पोट बिघडलं की भीती वाढते. म्हणून औषधांच्या जोडीला समुपदेशनाचाही उपयोग होतो. त्यात ‘लोक काय म्हणतील’ असं काही नाही.

शौचातून रक्त पडत असेल, वजन घटत असेल, उंची वाढायची थांबली असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, तर मात्र मूळव्याध म्हणून घरगुती उपाय करत बसू नका. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोहनसारखा आतड्यांना सूज आणणारा आजार असू शकतो. लातूरला विलासराव देशमुख आणि नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण, अशी दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आपल्याजवळच आहेत, तिथं दाखवून घ्या.

कोलायटिस-क्रोहनसारख्या आजारांत कधी स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात. चेहरा सुजतो, पुटकुळ्या येतात. लग्नकार्यात पाहुणे कौतुकानं म्हणतात, ‘तब्येत सुधारली की!’ सोळा वर्षांच्या पोरीला तिथं किती मेल्याहून मेल्यासारखं होत असेल. त्यापायी काही मुलं गोळ्या गुपचूप बंद करतात, आणि या गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं. म्हणून ‘गोळी घेतलीस का?’च्या आधी, गोळीमुळे काय काय होतंय ते विचारावं. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये, हे फार अवघड जातं, तरीही.

आणखी एक. चारचौघांत ‘पोट साफ झालं का?’ असं विचारायची आपल्याला सवय असते. लहानपणी चालून गेलं, आता नको. दिवसातून एकदा, एकट्यात विचारावं. बाकी वेळ क्रिकेट, मैत्रिणी, घरची म्हैस, काहीही बोलावं. पोट म्हणजेच आपण, असं त्याला वाटायला नको. डॉक्टरांशी थोडा वेळ त्याला एकट्याला बोलू द्यावं. त्याची तयारी असेल तर क्लासच्या सरांना भेटून एवढंच मागून घ्यावं, दाराजवळची जागा आणि न विचारता बाहेर जायची मुभा. एवढ्यानंही जीव हलका होतो.

आणि कधी लेकरू म्हणालं, ‘असं जगून काय उपयोग?’, तर रागावू नका, हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं ठेवू नका, पहिल्या गाडीनं जाऊन जवळ बसा. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. तो आजच फोनमध्ये साठवा, तुमच्याही आणि त्याच्याही.