पिकाचा पैसा आणि घरचे अंदाजपत्रक



जूनचा महिना असतो. मृगाचा पाऊस होऊन जमिनीला वाफसा आलेला असतो. शेजारच्या शिवारात पेरणी सुरू झालेली असते आणि आपण मात्र कृषी सेवा केंद्रात उधारीची बोलणी करीत उभे असतो. अशा वेळी घरात एक प्रश्न हमखास निघतो. "दिवाळीला सोयाबीनचे एवढे पैसे आले होते, ते गेले कुठे?" या प्रश्नाचे नेमके उत्तर घरात कोणालाच देता येत नाही. कोणी पैसा उधळलेला नसतो, कोणी तो चोरलेलाही नसतो. तरीही तो संपलेला असतो.

पिकाचे नियोजन आपण काटेकोरपणे करतो. एकरी बियाणे किती, खताची मात्रा किती, फवारणी कधी, हे सर्व ठरलेले असते. मात्र त्याच पिकातून आलेल्या पैशाचे नियोजन क्वचितच होते. प्रस्तुत लेखात मनात आले की खरेदी करण्याची सवय कशी आवरावी आणि घरचे अंदाजपत्रक तयार करून ते कसे पाळावे, याची माहिती दिली आहे.

दोष कोणाचा?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शेतकरी कर्जबाजारी होतो तो केवळ उधळपट्टीमुळे, हे म्हणणे बरोबर नाही. पावसाचा खंड, गारपीट, पडलेले बाजारभाव ही कारणे मोठी आहेत आणि ती आपल्या हातातील नाहीत. सन १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेही हेच नोंदविले होते. लग्नकार्यातील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. असे प्रसंग क्वचित येतात. खरे कर्ज वाढते ते धान्य, बियाणे, बैल, शेतसारा अशा वारंवार लागणाऱ्या लहान-लहान रकमांमुळे, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता.

यातून आपण घ्यावयाचा बोध असा की, वारंवार लागणारे खर्च आधीच माहीत असतात. त्यांची तरतूद पैसा हातात असतानाच केली नाही, तर पुढे कर्ज काढावे लागते. पाऊस आणि भाव आपल्या हातात नसले तरी एवढी गोष्ट आपल्या हातात आहे.

पैसा एकदम, खर्च बारमाही

नोकरदाराला दरमहा पगार मिळतो. एका महिन्यात हात सैल सुटला तरी पुढच्या महिन्यात सावरता येते. शेतकऱ्याचे तसे नाही. कोरडवाहू भागात वर्षातून एकदा किंवा दोनदा मोठी रक्कम हाती येते आणि तीच पुढच्या पिकापर्यंत पुरवावयाची असते. नेमकी हीच रक्कम हातात असताना दिवाळी असते, बाजारपेठ सजलेली असते आणि सहा महिन्यांची ओढाताण नुकतीच संपलेली असते. एक लाख ऐंशी हजार रुपये एकत्र पाहिले की वीस हजारांची वस्तू लहान वाटते. तीच वस्तू मे महिन्यात डोंगराएवढी वाटली असती. म्हणून खरेदीचा निर्णय पट्टी हातात पडल्याच्या आठवड्यात घेऊ नये.

हप्त्याचा हिशोब

समजा, दिवाळीत ८०,००० रुपयांची मोटारसायकल घेतली. रोख २०,००० भरले आणि उरलेले ६०,००० दोन वर्षांच्या हप्त्यांवर घेतले. विक्रेता सांगतो, "व्याज फक्त १२ टक्के, हप्ता ३,१०० रुपये." हे व्याज संपूर्ण रकमेवर दोन्ही वर्षे आकारले जाते. म्हणजे व्याज १४,४०० आणि एकूण परतफेड ७४,४०० रुपये. परंतु दर हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत असते. हे लक्षात घेऊन हिशोब केला तर हेच व्याज वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडते.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. हप्ता दरमहा येतो, आपले उत्पन्न दरमहा येत नाही. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत हप्त्यांपोटी १५,५०० आणि सुरुवातीचे २०,००० असे ३५,५०० रुपये जातात. पीककर्ज ७०,००० असेल तर त्याच्या परतफेडीसाठी लागणारी निम्मी रक्कम मार्चअखेर अशी संपलेली असते. कर्ज थकले की जूनपूर्वी नवे पीककर्ज मिळत नाही. मग बियाणे व खते उधारीवर आणावी लागतात. रोखीने १,००० रुपयांना मिळणारा माल चार महिन्यांच्या उधारीवर १,१०० रुपयांना पडला, तर ते व्याज वर्षाला ३० टक्के होते. दिवाळीतील एका दिवसाच्या निर्णयाची किंमत जूनमध्ये अशी मोजावी लागते.

याउलट, तीन लाखांपर्यंतच्या अल्पमुदतीच्या पीककर्जाचा व्याजदर व्याज सवलत योजनेत ७ टक्के आहे आणि वेळेवर फेड केल्यास त्यात आणखी ३ टक्के सूट मिळते. ७०,००० रुपयांवर ही सूट वर्षाला २,१०० रुपये होते. इतके स्वस्त कर्ज थकवून महाग कर्ज घेणे कोणत्याही दृष्टीने परवडणारे नाही.

मोटारसायकल घेऊच नये असे येथे सुचवावयाचे नाही. दूध घालणे, भाजीपाला बाजारात नेणे यासाठी ती गरजेची असू शकते. ती कोणत्या पैशातून आणि कधी घ्यावी, हे आधी ठरलेले असावे, इतकेच.

शेतीतील खरेदीही तपासावी

घाईची खरेदी केवळ कपडे आणि मोबाइलचीच असते असे नाही. शेजाऱ्याने फवारले म्हणून आणलेले टॉनिक, माती परीक्षण न करता टाकलेले जादा खत, प्रदर्शनात पाहून घेतलेले व नंतर कोठारात पडून राहिलेले अवजार, हाही त्यातलाच प्रकार आहे. समजा, सहा एकरांची ट्रॅक्टरची सर्व कामे भाड्याने वर्षाला ३५,००० रुपयांत होतात. स्वतःच्या ट्रॅक्टरचा सहामाही हप्ता ६०,००० असेल तर वर्षाला १,२०,००० लागतील. डिझेल व दुरुस्ती वेगळी. बाहेरचे काम किती तास मिळेल याचा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय असा व्यवहार करू नये.

अंदाजपत्रक कसे तयार करावे?

१. प्रथम नोंद ठेवावी. पहिले दोन महिने काहीही बदल न करता रोजचा प्रत्येक खर्च वहीत लिहावा. रोज चहा-नाष्टा, पान-तंबाखू यांवर ६० रुपये जात असतील तर वर्षाला २१,९०० होतात. हा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला की बराच बदल आपोआप होतो.

२. उत्पन्न कमी धरावे. मागील तीन वर्षांत मिळालेले सर्वांत कमी उत्पादन आणि सर्वांत कमी भाव धरून हिशोब करावा. जास्त मिळाले तर आनंदच आहे. परंतु जास्त मिळेल या भरवशावर आधीच खर्च करू नये.

३. पट्टी मिळेल त्याच दिवशी वाटणी करावी. समजा, मळणी, हमाली व वाहतूक वजा जाता सोयाबीनचे १,८०,००० रुपये हाती आले. त्यांची वाटणी पुढीलप्रमाणे करता येईल.

तक्ता : सोयाबीनच्या रकमेची वाटणी (रुपये)

पीककर्जाची परतफेड : ७०,०००
रब्बी हरभऱ्याचा लागवड खर्च : २५,०००
घरखर्च, नोव्हेंबर ते मार्च, दरमहा ९,००० प्रमाणे : ४५,०००
शिक्षण, विमा, वीजबिल इत्यादी ठरलेली देणी : १५,०००
आजारपण व अडीअडचण : १५,०००
सण, कपडे व हौस : १०,०००
एकूण : १,८०,०००

हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या घराप्रमाणे ते बदलावेत, परंतु क्रम बदलू नये. हरभरा विकल्यानंतर पुन्हा अशीच वाटणी करावी. त्या वेळी खरिपाच्या पेरणीची रक्कम सर्वांत आधी बाजूला काढावी.

४. पैसा वेगवेगळा ठेवावा. एकाच खात्यात सर्व रक्कम राहिली की ती सर्वच आपली वाटते. परतफेडीची रक्कम त्याच आठवड्यात कर्जखात्यात भरावी. राखीव रक्कम दुसऱ्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवावी. मोबाइलवरून पैसे देण्यासाठी जे खाते जोडले असेल त्यात फक्त त्या महिन्याचा घरखर्च ठेवावा. खिशातून नोट काढताना हात जरा थांबतो. मोबाइलवर तो थांबत नाही.

५. हौसेचा वाटा वगळू नये. अनेक जण उत्साहाच्या भरात हा वाटा शून्य धरतात. लेकरांना दिवाळीला कपडे घ्यावेच लागतात आणि मग पहिल्याच आठवड्यात अंदाजपत्रक मोडते. वाटा लहान असावा, पण असावा. त्यातील पैसा कसा खर्च केला हे कोणी कोणाला विचारू नये.

मोह आवरण्यासाठी काही नियम

अंदाजपत्रक करणे सोपे असते, पाळणे अवघड असते. त्यासाठी पुढील नियम उपयोगी पडतात.

• ५०० रुपयांपेक्षा जास्त किमतीची आणि यादीत नसलेली वस्तू त्याच दिवशी घेऊ नये. पुढच्या आठवडे बाजारापर्यंत थांबावे. आठ दिवसांनी तिची आठवणही राहिली नाही, तर तिची गरज नव्हती असे समजावे.

• ५,००० रुपयांपेक्षा जास्त खरेदीसाठी एक महिना थांबावे आणि पती-पत्नी दोघांची संमती असल्याशिवाय ती करू नये.

• बाजाराला जाताना यादी घरी करावी आणि यादीपुरतेच पैसे बरोबर घ्यावेत.

• "आजच शेवटचा दिवस", "शून्य टक्के व्याज" असे शब्द कानावर पडले की निर्णय पुढे ढकलावा. व्याज घेतले नाही तरी नोंदणीचा आकार किंवा रोखीने मिळणारी सूट यांत ते वसूल होत नाही ना, हे विचारून घ्यावे.

• भाव चांगला मिळाला म्हणून, किंवा भाव पडल्याने मन उदास आहे म्हणून, मोठी खरेदी करू नये.

घरातील सर्वांचा सहभाग

अंदाजपत्रक एकट्या कुटुंबप्रमुखाने करून चालत नाही. तेल, डाळ, साखर किती लागते हे गृहिणीला माहीत असते. महिला बचत गटात दरमहा ठरलेली रक्कम भरणाऱ्या भगिनींना तर नियमित बचतीची व नोंदवहीची सवय असतेच. त्या अनुभवाचा घरातही उपयोग करून घ्यावा. शिकणाऱ्या मुला-मुलींकडे वही लिहिण्याचे काम द्यावे. घरात पैसा किती आहे आणि तो कशासाठी आहे हे मुलांना समजले की त्यांचा हट्टही कमी होतो. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सर्वांनी अर्धा तास बसून वही वाचावी.

वही वाचताना कोणाला बोल लावू नये. बोलणी बसतात असे दिसले की घरातील माणसे खर्च लपवू लागतात आणि मग वहीला काही अर्थ राहत नाही.

अंदाजपत्रक मोडले तर?

ते मोडणारच. घरात आजारपण येते, मोटार जळते, पाहुणे येतात. एखाद्या वेळी मोहही आवरत नाही. अशा वेळी वही बंद करून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक होय. एक फवारणी चुकली म्हणून आपण पीक सोडून देत नाही. जादा झालेला खर्च लिहावा, तो कोणत्या वाट्यातून भरून काढावयाचा हे ठरवावे आणि पुढे चालावे. प्रथम हौसेचा वाटा कमी करावा, नंतर राखीव रक्कम वापरावी. परतफेडीच्या आणि पेरणीच्या रकमेला शक्यतो हात लावू नये. पीकच गेले असेल आणि परतफेड होणे शक्य नसेल, तर खाजगी कर्ज काढण्यापूर्वी बँकेत किंवा सोसायटीत जाऊन अडचण सांगावी आणि मुदतवाढ मिळू शकते का याची चौकशी करावी.

सुरुवात करण्यासाठी मोठ्या रकमेची वाट पाहण्याची गरज नाही. आज वीस-तीस रुपयांची वही आणावी आणि आजचाच खर्च पहिल्या पानावर लिहावा. पुढील पट्टी हातात पडेल त्या संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून तिची वाटणी करावी. मग जूनमध्ये वाफसा येईल तेव्हा बियाण्याचे पैसे बाजूला काढलेले असतील आणि ते गेले कुठे, हा प्रश्न घरात निघणार नाही.